पेणच्या खारेपाटातली जमीन: सही करू की नको? (नागपूरकरांनो, वाचा आणि बोला)

पेणकर_मनीषनगर

मंडळी, नागपुरात येऊन मला बावीस वर्षं झाली. नोकरी इथली, घर इथलं, मुलं तर "करून राहिलो, जाऊन राहिलो" असंच बोलतात. पण मूळ गाव रायगडातल्या पेण तालुक्यातलं, खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दलालांचे फोन आधीच पुष्कळ येतात.

वडिलांच्या मागे 38 गुंठे खारजमीन आहे, चार भावांच्या सामाईकात. सख्खा कोणी नाही, तिघं चुलत. तिघांनी विक्रीच्या कागदावर सह्या केल्या. माझी राहिली आहे. कागद गेले दोन महिने कपाटात पडून आहे आणि मला रात्री झोप लागत नाही.

इथल्या लोकांना खारजमीन म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर प्रश्न कळायचा नाही. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा वर चढतं, दोनदा उतरतं. आमच्या पूर्वजांनी त्या पाण्याला मातीचा बांध घालून आतली दलदल शेतीखाली आणली. खाडीकडचा मोठा बांध तो बाहेरकाठा. बांधात जागोजागी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे बांधातून काढलेली वाट, तिला खाडीच्या बाजूने लाकडी झडप. भरतीचं पाणी झडप दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. लहानपणी माझं काम एकच होतं. उन्हाळ्यात झडपेच्या कडांना बसलेली कालवं कोयत्याने खरवडून काढायची. एक कालव राहिलं तरी झडप टेकत नाही आणि खारं पाणी रात्रभर आत झिरपतं. वडील झडपेच्या आतलं पाणी बोटाने जिभेला लावून सांगायचे, "आली खारट, परत खरवड."

जून-जुलैचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन नेतो, मग भात. दिवाळीच्या आसपास कापणी. मार्चपर्यंत त्याच शेतावर पांढरी साय धरते, खालचं मीठ उन्हाने वर येतं. म्हणून वर्षाला एकच पीक. ही शेती कधीच श्रीमंतीची नव्हती.

आता भाव असे आले आहेत की 38 गुंठ्यांत माझं घराचं कर्ज फिटून मुलीचं शिक्षण होईल. तरी हात थांबतो. का थांबतो ते मलाही नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

दर्यापूरचा_भाऊ

भाऊ, तुमचं वाचून मले आमचं घर आठवलं. मी आता हुडकेश्वरले राहतो, पण गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यात पसरला आहे. समुद्र पाचशे-सहाशे किलोमीटर दूर, पण विहिरीचं पाणी तोंडात घेतलं का थुकून टाका लागते. आमच्या आजीनं आयुष्यभर पावसाचं पाणी रांजणात भरून पुरवलं. डाळ शिजत नाही त्या पाण्यात, चहा फाटते. गावोगावी किडनीचे पेशंट.

आमच्याकडं ओलीत नाही म्हणून खरिपात कापूस, तूर, मूग आणि मुरलेल्या ओलीवर हरभरा. हरभरा मात्र असा येते का विचारू नका. आता शेततळी झाली तर एक-दोन पाणी देता येते. लोक म्हणतात खारी जमीन म्हणजे निकामी. आम्ही तर त्याच्यावरच मोठे झालो.

एक विचारतो. पूर्वी आमच्याकडं समुद्र होता म्हणून पाणी खारं, असं म्हातारे सांगत. खरं का?

काळीमाती

अमरावती रोडला मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाचा राष्ट्रीय ब्युरो आहे, 1976 पासून. देशभरच्या मातीचे नकाशे करणारी ही संस्था आपल्या शहरात आहे हे पुष्कळ नागपूरकरांना ठाऊक नसतं. मी तिथला नव्हे, पण याच विषयात नोकरी केली, आता निवृत्त.

दर्यापूरचे भाऊ, मीठ साठायला समुद्रच लागतो असं नाही. पूर्णेचं खोरं म्हणजे खोल गाळ, बारीक चिकणमाती, निचरा अगदी कमी. पाऊस जेमतेम, ऊन प्रचंड. पाणी वर उडून जातं, क्षार मागे राहतात. शेकडो, हजारो वर्षं हेच चालत आलं की भूजल खारं होतं.

पेणकर, तुमच्या आणि यांच्या जमिनीत एक मोठा फरक आहे आणि तो तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. तुमच्या मातीतलं मीठ हे मुख्यतः साधं समुद्राचं मीठ. ते पाण्यात विरघळतं. रायगडात दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो वरच्या थरातलं मीठ धुऊन ओहोटीबरोबर बाहेर नेतो. म्हणजे तुमची जमीन दर वर्षी नवी होते. अट एवढीच की बांध आणि उघाडी शाबूत हवी. पूर्णेकाठी सोडियम मातीच्या कणालाच चिकटून बसतो. माती ओली झाली की कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी खाली जातच नाही. तिथे नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही, जिप्सम घालून सोडियम हटवावा लागतो, शेणखत लागतं, चर काढावे लागतात.

सांगायचं ते असं की तुमच्या जमिनीचा कस मातीपेक्षा बांधावर जास्त अवलंबून आहे. प्रत्यक्ष पाहायचं असेल तर एप्रिलमध्ये एक नमुना घ्या आणि सप्टेंबरमध्ये त्याच जागेचा दुसरा. विद्युत वाहकता तपासून घ्या, मातीत मीठ किती ते त्यावरून कळतं. दोन कागद शेजारी ठेवलेत की पावसाने काय केलं ते कळेल.

वर्धारोड

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

आमची सहा एकर शहराच्या दक्षिणेला होती, एका प्रकल्पात गेली. पैसा मिळायला वर्षं गेली, पण मिळाला. त्यातून धाकट्याने भिवापूरकडे शेत घेतलं, मी घर बांधलं, आईचं ऑपरेशन झालं. जमीन विकणारा प्रत्येक माणूस करंटा असतो असं जे बोललं जातं ते मला फार लागतं. ज्याला शेती करायची त्याने ठेवावी. पेणकर बावीस वर्षं नागपुरात आहेत. भात कोण लावतं? बांधावर चिखल कोण घालतं? चुलतभाऊ. मग ते थकले असतील आणि विकू म्हणत असतील तर नागपुरात बसून त्यांना अडवून धरणं हा अन्याय नाही का?

पेणकर_मनीषनगर

वर्धारोड, रागाचं काय त्यात. तुम्ही बोट ठेवलंत तीच जागा दुखते. मोठा चुलतभाऊ एकसष्ट वर्षांचा आहे, गुडघे गेले. त्याचा मुलगा पनवेलला नोकरीला. भावाचं म्हणणं मला खोटं पाडता येत नाही.

पण खारेपाटात एका माणसाने विकणं आणि तुमच्याकडे विकणं यात फरक आहे, तो सांगतो. आमच्याकडे जोळ असायचा. एका बांधाच्या आत ज्यांची ज्यांची शेतं, त्या सगळ्या घरांनी मिळून बांध राखायचा. घरटी माणूस. ज्याचं शेत बांधापासून लांब, त्यानेही यायचं, कारण पाणी शिरलं की ते कोणाचं शेत जवळ आणि कोणाचं लांब ते बघत नाही.

मी सातवीत होतो. श्रावणातली अमावस्या, उधाण, वरून पाऊस. रात्री एकच्या सुमाराला बाहेर हाका ऐकू आल्या, "खांड परली, खांड परली!" खांड म्हणजे बांध फुटणं. अख्खं गाव कंदील घेऊन धावलं. मीही गेलो. सुरुवातीला खांड एका पुरुषाच्या दोन हातांएवढी होती, आम्ही पोचेपर्यंत बैलगाडी जाईल एवढी झाली. माणसं कंबरभर पाण्यात उभी राहिली, फांद्या आणि पेंढ्याचे भारे आडवे टाकले, त्यावर चिखलाचे गोळे हातोहात. रांगेत माझ्या पुढे ज्या काकू होत्या त्यांच्याशी आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, मेरेवरून. त्या रात्री त्यांनी माझ्या हातातून निदान दोनशे गोळे घेतले असतील. पहाटे ओहोटी लागली तेव्हा खांड बुजली. तरी पस्तीस-चाळीस एकरांतलं भात पिवळं पडून गेलं. ते शेत पूर्ववत पिकायला तीन पावसाळे लागले.

आता त्या बांधाच्या आत निम्मी जमीन बाहेरच्यांची आहे. त्यांना भात लावायचं नाही, भाव चढेपर्यंत थांबायचंय. त्यांच्याकडून बांधावर माणूस कोण येणार? त्यात खाडीतून मोठे बार्ज जातात, लाटा बाहेरकाठ्यावर आदळतात. एक विकतो तेव्हा बांधावरचा एक माणूस कमी होतो. दहा विकतात तेव्हा उरलेल्यांनी विकायचं ठरवलेलं नसतं, तरी ते विकायलाच लागतात. माझा हात इथे थांबतो. लिहिता लिहिता कळलं बघा.

उरणची_लेक

धरमपेठेत सून म्हणून आले त्याला तीस वर्षं झाली. माहेर उरण. पेणकरदादा, तुमची उघाडी वाचली आणि डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे भातही होतं आणि मिठागरही. आगर म्हणून तर आम्ही आगरी.

नवी मुंबईसाठी 1970 नंतर जमिनी घेतल्या, मग बंदर आलं. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई-दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील पुढे होते. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. बाबा त्या वेळी तिशीत होते. आमच्या घरी आजही 16 जानेवारीला गोडधोड होत नाही.

मला एकच सांगायचंय, पैशाबद्दल. आमच्याकडे पैसा आला. घर झालं, गाडी झाली, दोन लग्नं थाटात झाली. सात-आठ वर्षांत संपला. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की आई रिकामी झाली. ती भात लावायची, मिठागरावर जायची, खाडीत कालवं काढायची, मासे वाळवून बाजारात न्यायची. कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं, तर पैसेही तिच्या हातात आले नाहीत आणि कामही गेलं. पन्नाशीची बाई दुपारभर ओट्यावर बसून असायची. तुम्ही सही करण्याआधी तुमच्या वहिनींना विचारलंत का? तिघींनाही विचारा. फोनवर नको, जाऊन विचारा.

रामनगर_रसिका

विषयाला सोडून आहे, क्षमस्व. खारातला लाल तांदूळ नागपुरात कुठे मिळतो का? एकदा अलिबागला त्याची भाकरी खाल्ली होती, अजून चव आहे जिभेवर.

पेणकर_मनीषनगर

रसिकाताई, दुकानात मिळणार नाही. आमच्याकडे जुना लाल रत्ता होता, खाऱ्या पाण्यालाही उभा राहायचा, पण उतारा कमी. आता बहुतेक जण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेलं पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 लावतात. भावाकडे रत्ता दोन गुंठे असतो, घरच्यापुरता. आणता आला तर आणीन.

सिव्हिललाइन्स_वकील

सातबारा काढा आणि तीन गोष्टी पाहा.

पहिली, इतर हक्कात कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा आहे का. खारेपाटातल्या पुष्कळ जमिनी कुळकायद्याने, 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कुळांना मिळाल्या. तुमच्याकडे 1948 चा मुंबई कुळवहिवाट कायदा लागतो. आपल्या विदर्भाला 1958 चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे नागपुरातल्या ओळखीच्या माणसाने दिलेला सल्ला जसाच्या तसा पेणला लागू करू नका. कलम 43 ची जमीन विकायला पूर्वी परवानगीच लागायची. आता खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर जमीन महसुलाच्या 40 पट रक्कम भरून विकता येते, अटींसह. तुमच्या भावांनी केलेला कागद या पायरीआधीचा आहे की नंतरचा, ते बघा.

दुसरी, वारसनोंद पूर्ण आहे का. बहिणी, आत्या, सगळ्यांची. उरणच्या ताईंनी जे लिहिलं त्याचं कायद्यातलं उत्तर इथे आहे.

तिसरी, जमिनीवर आज तिवरं, म्हणजे खाडीकाठची खारफुटीची झाडं, उगवली आहेत का. उगवली असतील तर प्रकरण वेगळं.

आणि सामाईक जमिनीत तुमची सही नसेल तर भाऊ आपापला अविभक्त हिस्सा विकू शकतात, तुमचा नाही. तुमच्या सहीशिवाय सगळं अडलं आहे असं कोणी सांगत असेल तर ते अर्धंच खरं आहे.

पाणथळ

मी पक्षी बघणारा माणूस, अंबाझरी-गोरेवाड्यापासून लोणारपर्यंत फिरतो. तिवरांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि मग 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात राज्यभर कांदळवन, म्हणजे या तिवरांचं जंगल, तोडायला बंदी केली, भोवती 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. हे फार गरजेचं होतं. रात्रीत भराव टाकून कांदळवनं संपवली जात होती. मासे, खेकडे, कोळंबी यांची पिल्लं तिथेच वाढतात. तुमच्या बार्जच्या लाटा अडवणार कोण? बांधाबाहेरची तिवरंच. माझी विनंती आहे, शेतकरी विरुद्ध तिवर असं चित्र रंगवू नका.

पेणकर_मनीषनगर

पाणथळ, माझ्या आजोबांनी बांधाबाहेरच्या तिवराला कधी कोयता लावू दिला नाही. सरपणालाही वाळकी फांदीच. बांधाचं ढाल-कवच तेच होतं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही.

आमचं दुखणं बांधाच्या आतलं आहे. खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही तर प्रत्येक भरतीबरोबर बिया आत येतात. दोन-तीन वर्षांत भाताच्या शेतात तिवरं कमरेएवढी होतात. मग तोडता येत नाहीत आणि बांध दुरुस्त करायला गेलं तरी परवानग्यांचा फेरा. सातबाऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात जंगल. पेरताही येत नाही, भरपाईही मिळत नाही. 1979 चा खारभूमी विकास कायदा आहे, सरकारी योजनेतले बांधही आहेत, पण खांड पडते रात्री एक वाजता आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक मंजूर होतं पुढच्या वर्षी. जोळ त्याच रात्री बुजवायचा.

म्हणून मला तिवरांचा राग नाही. खांड बुजवायला माणूस उरला नाही, याचं दुःख आहे.

पाणथळ

हे मला असं कळलं नव्हतं. तिवर वाढलेलं दिसलं की आम्ही आनंदाने फोटो काढतो. त्याच्याखाली कोणाचं शेत गेलं असेल हा विचार मी केला नव्हता. धन्यवाद.

काळीमाती

आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. याच खारेपाटाने 1933 ते 1939 अशी सहा वर्षं संप केला आहे, अलिबागजवळ चरीला. खोतांना, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांना, पिकातला खंड द्यायला लागू नये म्हणून शेतकऱ्यांनी जमिनी पडीक ठेवल्या, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले, 1937 मध्ये त्यांनी खोती नष्ट करायचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. आणि 21 सप्टेंबर 2008 ला पेणच्या 22 गावांनी सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं. दोन्ही वेळा गावं एकत्र होती. आज मुंबईहून येणारा अटल सेतू झाला, उरण-पनवेल-पेणच्या 124 गावांवर नव्या शहराचा आराखडा आहे. या वेळी कोणी नोटीस घेऊन सगळ्या गावाकडे एकदम येत नाही, एकेका सातबाऱ्याकडे येतो. एकत्र बसायला कारणच मिळत नाही.

दर्यापूरचा_भाऊ

पेणकर, तुम्ही गावाले जाऊन या. फोनवर काही होत नाही. समृद्धी महामार्ग पूर्ण झाला आता, निघा सकाळी.

पेणकर_मनीषनगर

जाऊन आलो. नऊ दिवस होतो. इथल्या चव्वेचाळीस अंशांतून तिथल्या घामात.

वकीलसाहेब, शेरा आहे. भावांच्या कागदात त्याचा उल्लेखच नाही. दोन आत्यांची नोंद राहिली आहे. म्हणजे कागद तसाही कच्चाच. आधी नोंदी करून घेतोय.

उरणच्या ताई, तिन्ही वहिनींना विचारलं. मोठी विकायला तयार आहे, आणि का ते तिने स्पष्ट सांगितलं: "भावजी, माझ्या पायांना चिखल्या होतात, तुम्ही नऊ दिवसांनी जाल." मी गप्प बसलो. मधली म्हणाली की तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिचं जिताडा माशाचं तळं आहे, घरामागे. उन्हाळ्यात खाडीतली पिल्लं आणून सोडते, बारकी मासळी घालून दोन-तीन वर्षं वाढवते. बांध गेला की तळंही जाईल हे तिने मला दाखवून सांगितलं. धाकटीला निम्मं विकायचंय.

वर्धारोड, तुमचं वाक्य डोक्यात घेऊन गेलो होतो. मोठ्या भावाला म्हटलं, तुझा हिस्सा तू वीक, मी अडवणार नाही, पण आधी मला घ्यायची संधी दे. कर्ज काढावं लागेल. तो रडला. मग म्हणाला, "इकाचा तं इकू, पन बांदावर मानूस कुठशी आनशील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही दोघं उठून घरोघर गेलो. बांधाच्या आत अजून कसणारी सतरा घरं आहेत. अकरा जण आले, देवळात बसलो. बाहेरच्या मालकांपैकी एकच आला, पण आला. मजुरीचा वाटा द्यायला तयार झाला, कारण पाणी शिरून तिवर उगवलं तर त्याचाही पैसा अडकतो. हे त्याला वहिनीने समजावलं, मी नाही.

उघाडीची झडप कुजली आहे. खालची फळी हाताने चुरली. नवीन सागाची सांगितली. कालवं अजून बसतात तिथेच, डाव्या कडेला. पुतण्याला खरवडायला दाखवलं, त्याने बोट कापून घेतलं, आणि तरी उरलेली काढली.

38 गुंठ्यांचं काय ते अजून ठरलेलं नाही. कागद कपाटातच आहे. रसिकाताई, पाच किलो रत्ता आणलाय, मनीषनगरला येऊन घेऊन जा.

बाहेरकाठ्यावर तीन ठिकाणी माती घालायची आहे, पाऊस लागायच्या आत. काम भांगाच्या दिवसांत करावं लागतं, पाणी कमी चढतं तेव्हा. येत्या अष्टमीला धरलंय. मुलीची परीक्षा संपली, ती म्हणाली मीही येते.

दर्यापूरचा_भाऊ

गाडीत जागा आहे का? मले चिखल नवीन नाही.